तीन पिढ्यांची नावं

मी पुरोहित आहे. बाई आणि पुरोहित म्हटलं की पुण्याबाहेरचे लोक अजून भुवया उंचावतात. पुण्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही, बाई वेळेवर येतात का, एवढंच विचारतात. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा दुपारच्या वर्गाला जाऊन शिकले आणि पुढची वीसेक वर्षं बिबवेवाडीपासून पार पाषाणपर्यंत लग्नं, वास्तुशांती, बारशी आणि श्राद्धं केली. पोथी समोर ठेवायची पण उघडायची नाही, ही माझी ऐट होती. ऐटीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं, पण ज्याची ऐट असते त्याला नसतं.

आमच्या घरचे यजमान मात्र नास्तिक. विमा कचेरीतून निवृत्त झालेले, पूजेच्या पाटावर आमच्या लग्नात बसले ते शेवटचे. पण मला त्यांनी कधी अडवलं नाही. मी सोवळं पिशवीत घालून निघाले की खाली येऊन रिक्षा थांबवून द्यायचे आणि म्हणायचे, देवाला नमस्कार सांग, ओळख नाही म्हणावं.

तर त्या वर्षी माझे पाय सुजायला लागले. ब्लडप्रेशर जुनंच होतं, त्यामुळे सुजेचं फारसं मनावर घेतलं नाही. तोंडाला चव नव्हती, अंगाला खाज सुटायची. आणि विसरायला होत होतं. गॅसवर दूध ठेवून मी शेजारी उभी असायची आणि ते उतू जाताना बघत राहायची, गॅस बंद करायचा असतो हे मागाहून सुचायचं. बोलताना शब्द सापडायचा नाही. फळीवरच्या बरणीला बोटं लागतात पण ती पुढे सरकत नाही, तसं व्हायचं. मी म्हटलं, साठी बुद्धी नाठी. हे म्हणाले, साठीला तुझ्या अजून अवकाश आहे, नाठी लवकर आलेली दिसते.

मार्गशीर्षातलं लग्न होतं, आमच्या घराजवळच्याच कार्यालयात. कन्यादानाच्या वेळी मुलीच्या तीन पिढ्यांची नावं घ्यायची असतात: अमक्याची पणती, अमक्याची नात, अमक्याची मुलगी. श्राद्धातही तीन पिढ्याच घेतात, पण तिथे त्या गेलेल्या असतात, म्हणून नावाला रूप जोडतात. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. दोन्ही ओळी मी हजारदा म्हटलेल्या. एक ओळ म्हणताना दुसरी कधी आडवी आली नव्हती.

त्या दिवशी आली. मुलीच्या पणजोबांचं नाव घेतलं आणि पुढे आदित्यरूप म्हणाले. ते तर गेलेलेच होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आजोबांचं नाव घेतलं आणि मागोमाग रुद्ररूप म्हणाले, स्वच्छ, खणखणीत आवाजात, माईकवर. आजोबा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, फेटा बांधून. दरवर्षी स्वतःच्या वडिलांचं श्राद्ध करणारा माणूस, त्यांना त्या शब्दाचा अर्थ चांगला ठाऊक होता. काठी टेकवून ते थोडे पुढे झुकले.

"बाई," ते म्हणाले, "मी अजून आहे."

मंडपात हशा पिकला. मुलीची आई हसली नाही. मला तर काय झालं हे समजायलाच वेळ लागला, आणि समजल्यावर पुढची ओळ कुठली तेच आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी लग्नात पोथी उघडली, आणि तिच्यातली अक्षरं मला लागेनात. माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीनं, तीही पुरोहितच, लग्न पूर्ण केलं. मी बाजूला अक्षतांचं ताट धरून बसले.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं नेहमीप्रमाणे थट्टा करतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला रक्त तपासायला घेऊन गेले.

डॉक्टरांनी अहवाल बघितला आणि आधी माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघितलं. दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या होत्या. रक्तातला जो कचरा त्यांनी बाहेर टाकायचा तो रक्तातच फिरत होता, आणि फिरत फिरत डोक्यातही जात होता. विसरणं, गोंधळणं, शब्द न सापडणं हे सगळं त्यातलंच. मला आधी काय वाटलं ते सांगते. बरं वाटलं. मला वाटत होतं वेड लागतंय, आणि वेडापेक्षा किडनी परवडली. हे म्हणाले, म्हणजे भांडं चांगलं आहे, घासलेलं नाही इतकंच.

मग हॉस्पिटलात भांडं घासणं सुरू झालं, म्हणजे डायालिसिस. आठवड्यातून तीनदा, एका वेळी चार तास, डाव्या हातात दोन जाड सुया. बिबवेवाडीहून रिक्षा स्वारगेटच्या गर्दीत अडकायची तेव्हाच मला अर्धं थकायला व्हायचं. यंत्रावर रक्त धुऊन झालं की माणूस ताजातवाना होत असेल असं लोकांना वाटतं. उठल्यावर पायात त्राण नसतं आणि डोक्यात कापूस भरलेला असतो. त्याची खरी स्वच्छता कळते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. ती एक सकाळ माझी असायची. त्या सकाळी मी पुरुषसूक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून बघायची, आणि ते यायचं. संध्याकाळपर्यंत परत गढूळ व्हायला लागायचं. रविवारची सुट्टी मध्ये आली की सोमवारी मी म्हणजे नुसतं बसवलेलं बुजगावणं. शेजारीण येऊन कोथिंबिरीबद्दल काहीतरी बोलायची आणि मी हो हो म्हणायची. कशाला हो म्हटलं ते तिलाच माहीत.

शेजारच्या खाटेवर मंडईतले एक फळवाले असायचे, तीन पिढ्या पुण्यातले मुसलमान गृहस्थ. फळांचा गाळा, आणि स्वतःला केळं, संत्रं, नारळपाणी सगळं बंद, पोटॅशियम वाढतं म्हणून. त्याचं त्यांना फार काही वाटायचं नाही. त्यांना वाटायचं ते विसरण्याचं. गिऱ्हाइकानं काय मागितलं ते तागडीत फळ पडेपर्यंत विसरायला होतं म्हणायचे. आता गाळ्यावर नुसते बसतात, तोलायचं काम मुलाकडे. एकदा मी त्यांना माझ्या रुद्ररूपाची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, माझंपण होतं. नमाज पढलो की नाही तेच आठवत नाही. मग परत पढतो. दोनदा झाली म्हणून वरच्यानं अजून तक्रार केलेली नाही."

मला त्यांचा हेवा वाटला. लग्न काही दोनदा लावता येत नाही.

फोन हळूहळू यायचे थांबले. बऱ्या झालात की कळवा हं बाई, असं म्हणून लोक फोन ठेवायचे आणि श्रावणातल्या पूजेला दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचे. त्यांचं चुकत नव्हतं. जी बाई जिवंत म्हाताऱ्याला पितरांत बसवते तिला शुभकार्याला कोण बोलावणार? मैत्रिणी भेटायला यायच्या, पण बोलता बोलता माझी परीक्षा घेतल्यासारख्या बघायच्या. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले तरी त्यांचे कान टवकारायचे. एकीला मी शेवटी म्हटलंच, की चहा घे, तोंडी परीक्षा मी वीसेक वर्षांपूर्वी दिली आहे.

खरी परीक्षा वेगळीच होती. हॉस्पिटलातली एक तरुण डॉक्टरीण आली आणि म्हणाली, काकू, थोडे प्रश्न विचारते, रागवू नका. आज वार कोणता, महिना कोणता, आपण आत्ता कुठे आहोत. मी तिच्याकडे बघतच राहिले. पूजेच्या सुरुवातीला संकल्प असतो, त्यात दुसरं काय असतं? आपण कुठे आहोत आणि आज काय आहे, हेच यजमानाकडून म्हणवून घ्यायचं. गोदावरीच्या दक्षिण तीरावर, अमुक संवत्सरात, अमुक अयनात, ऋतूत, महिन्यात, पक्षात, तिथीला, वारी. मी म्हणायचं आणि यजमानानं मागून म्हणायचं. मी तेच तिला संस्कृतात म्हणून दाखवलं. गोदावरी, संवत्सर, दक्षिणायन, वर्षा ऋतू, एका दमात. तिचं पेन हवेतच राहिलं. खूण बरोबरची करावी की चुकीची, ते तिला कळेना.

हे खुर्चीत पेपर वाचत बसले होते. पेपरावरून न बघता म्हणाले, "बरोबर आहे सगळं. ऋतूपर्यंत पास. तिथी कालची आणि वार परवाचा आहे."

तसंच होतं माझं. जुनं सगळं जागेवर, आजचं तेवढं निसटलेलं. डॉक्टरीण ह्यांना म्हणाली की रोज सकाळी त्यांना आजचा दिवस सांगत जा, त्यानं माणूस जरा भानावर राहतो. दुसऱ्या दिवशीपासून हे अर्धा कप चहा मोजून, कारण आता पाण्याचा थेंबही मोजूनच होता, माझ्यापुढे ठेवायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर हात मागे बांधून उभे राहायचे. आज अमुक वार. अमुक तिथी. नक्षत्र अमुक, ते काय असतं मला विचारू नका. ज्या माणसानं जन्मभर चतुर्थीला पोटभर साबुदाण्याची खिचडी खाऊन उपासाची टिंगल केली, तो रोज मला पंचांग वाचून दाखवत होता. मला त्याचा राग यायचा. मी काय शाळेतली मुलगी आहे? एकदा मी कप आपटला. ते म्हणाले, आपट, पण आज एकादशी आहे.

राग खूप यायचा त्या दिवसांत. पाण्याचा घोट मोजण्याचा, दारात आलेल्याला माझ्याऐवजी ह्यांनी उत्तर देण्याचा, मला ऐकू येत असताना तिच्यापुढे नको म्हणून कुजबुजणाऱ्यांचा. आणि सगळ्यात जास्त थकव्याचा. तो झोपून जात नव्हता.

मुलीचं लग्न ठरलं होतं. ती हिंजवडीला कामाला, मुलगा तिच्याच ऑफिसातला, दोन्ही घरी पसंत. कंपनीच्या बसमधून रात्री आंबून घरी यायची आणि माझ्या पायाशी बसायची. मी म्हणायची, उरकून टाका, माझ्यासाठी थांबू नका. ती ऐकायची नाही. लहानपणी भातुकलीत बाहुलीची लग्नं मीच लावली होती, मंत्रांसकट, आणि तेव्हाच तिला कबूल केलं होतं की तुझंही मीच लावीन. "आई लावणार असेल तर लग्न," ती म्हणायची, "नाहीतर रजिस्टर, आणि तेही नंतर बघू." पोरीचा हट्ट बापावर गेलेला. मला मात्र रात्री डोळ्यांपुढे तो फेटेवाला म्हातारा दिसायचा. माझ्या एका डोक्यासाठी तिचं लग्न अडून बसलं होतं आणि ते डोकं आठवड्यातून जेमतेम तीन सकाळी माझं असायचं.

डॉक्टर म्हणाले, किडनी बदलली तर डोकंही बरंच सुधारेल. सगळं येईल असं नाही, पण बरंच. द्यायची कुणी? आई नव्हती, भावाला साखर. मुलगी म्हणाली मी देते. तिला मी असं काही झापलं की शेजारी ऐकू गेलं असेल. हे चार दिवस सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडायचे आणि उशिरा यायचे. मग एक दिवस भाजीची पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाले, "माझं जुळतंय. पत्रिका न बघता केलेलं लग्न, शेवटी काहीतरी जुळलंच."

मी नको म्हटलं. पुष्कळदा म्हटलं. ते म्हणाले, दोन आहेत, एक पडून असते, भाड्यानं देण्यापेक्षा घरच्या माणसाला दिलेली बरी. त्यांच्याशी वाद घालायला डोकं लागतं, आणि ते त्या वेळी माझ्याकडे नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना माझ्याआधी आत नेलं. स्ट्रेचरवर चष्म्याशिवाय ते कुणी दुसरेच वाटत होते. मला वाटलं देवाचं काहीतरी म्हणावं. डोळे मिटले आणि माझ्या डोक्यात नको ती ओळ आपोआप सुरू झाली. त्यांच्या आजोबांचं नाव, आदित्यरूप. त्यांच्या वडिलांचं नाव, रुद्ररूप. आणि मग त्यांचं नाव. वसुरूप. मी डोळे उघडले तरी ते थांबेना. परत पहिल्यापासून, परत तिथेच. नर्सला वाटलं मी ऑपरेशनला घाबरले, तिनं माझा हात धरला. ऑपरेशनचं भय मला नव्हतंच.

दोघंही बाहेर आलो. त्यांची किडनी माझ्यात लगेच कामाला लागली, कचेरीत वेळेवर जाणाऱ्या माणसाची होती. पहिल्यांदा मला पेला भरून पाणी दिलं तेव्हा मी ते प्यायच्या आधी नुसतं बघत बसले. आणि डोकं खरंच निवळलं. एका महिन्यात सोमवार आणि मंगळवार सारखे वाटायला लागले. पेपरातला अग्रलेख शेवटपर्यंत वाचता आला, आणि तो वाईट आहे हेही समजलं.

पण सगळं आलं नाही. किडनी टिकवायच्या गोळ्यांनी हात कापतात, पळीतलं पाणी ताम्हनात पडायच्या आधी सांडतं. फोडणी घालता घालता कुणी बोललं की मोहरी जळते. नवं नाव कानावर पडतं आणि तसंच निघून जातं. लोकांना हे सांगून कळत नाही. आता काय, छान झालीस की, असं म्हणतात आणि मी छान झाले म्हणते. बरं होणं हेसुद्धा काम असतं आणि त्यालाही थकायला होतं, हे कुणाला सांगायचं?

मुलीनं लगेच तारीख धरली. मी रोज दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून सराव करायला लागले. मंगलाष्टकं आली, लाजाहोम आला, सप्तपदी आली, कुठेही खंड पडला नाही. फक्त तीन पिढ्यांपाशी आले की पणजोबांचं नाव व्हायचं, आजोबांचं व्हायचं, आणि ह्यांच्या नावापाशी माझी जीभ टाळ्याला चिकटायची. विसरले म्हणून नव्हे. पुढे कुठला शब्द येऊन बसेल याची खात्री नव्हती म्हणून. मी तिथेच थांबायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. दाराबाहेर ह्यांची पेपरची घडी वाजायची. त्यांना सगळं ऐकू जात होतं. मैत्रिणीला मी सांगून ठेवलं की मांडवात माझ्यामागेच उभी राहा, अडलं तर तू घे. ती बरं म्हणाली, आणि इतक्या चटकन म्हणाली की मला वाईट वाटलं.

लग्न छोटंच केलं, संसर्गाच्या भीतीनं मला गर्दी चालत नाही. मी तोंडाला मास्क लावला होता, तो मंत्रांसाठी खाली केला. पुरोहितानं समोर बसायचं असतं, पण मी मुलीची आईही होते, म्हणून यजमानांच्या शेजारी बसले आणि तिथूनच सांगायला लागले. हे पाटावर बसले होते, धोतर कमरेला पट्ट्यानं आवळून. मैत्रीण मागे. संकल्प सुरू केला. गोदावरी झाली, संवत्सर झालं, ऋतू, महिना, पक्ष झाला आणि तिथी निसटली. चिठ्ठी लिहून ठेवली होती, ती पर्समध्ये, आणि पर्स खोलीत. मैत्रिणीचा श्वास माझ्या मानेवर लागला. तेवढ्यात हे हात जोडून समोर बघत हळूच म्हणाले, त्रयोदशी, गुरुवार. मी त्याचं संस्कृत केलं. यजमानानं गुरुजींच्या मागून म्हणायचं असतं. आमच्याकडे उलटं झालं.

मग कन्यादान आलं. मुलीचा हात ह्यांच्या हातात, त्यांच्या हाताला माझा कापणारा हात. तिच्या पणजोबांचं नाव मी घेतलं. आजोबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं घेतलं. आणि थांबले.

सगळ्यांना वाटलं मी विसरले. मुलीनं माझ्याकडे बघितलं, मागे मैत्रिणीनं घसा साफ केला. मला नाव आठवत होतं, नावापुढचा तो शब्दही आठवत होता. ओठांवर येऊन थांबला होता. इतक्या वर्षांत उखाणा सोडून मी कधी ह्यांचं नाव घेतलं नव्हतं. अहो म्हणत आले, आणि घ्यायची वेळ आली ती ही अशी.

हे माझ्या कानाशी वाकले.

"मी अजून आहे," ते म्हणाले.

मी त्यांचं नाव घेतलं. पुढे काही न जोडता, नुसतं नाव, असलेल्या माणसाचं घेतात तसं. आणि आमच्या मुलीचा हात पुढे केला.